इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरला कोणतं ग्राफिक्स कार्ड?

तुम्ही विचारलंत, तुमच्या जुन्या आय५ पीसीला कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं; त्यावर इथे आधी बहुतेकांनी एएमडीचं आरएक्स ६४०० सुचवलंय. वीज कमी खातं (५३ वॅट) हे खरं, पण ते कार्ड फक्त ४ लेनवर (मदरबोर्डाशी डेटाची ने-आण करणाऱ्या वाटांवर) चालतं. पीसीआयई (कार्ड बसतं तो स्लॉट) ४.० पिढीचा असलेल्या बोर्डावर चालून जातं. तुमचा आय५-४५७० आणि त्याचा बोर्ड ३.० वाले, म्हणजे बँडविड्थ (डेटा नेण्याचा वेग) थेट निम्मी. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगचं काम करणारा भाग) नाही, तेव्हा गेम रेकॉर्ड करायचा तर सगळा भार बिचाऱ्या सीपीयूवर.

तुमचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) ३०० वॅटचा, त्याला कार्डाला वेगळी वीज देणारी ६-पिनची वायर नाही. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्यात बसणारंच घ्या. माझं मत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीवालंच: ७० वॅट, ८ लेन. ८ जीबीवाल्याला वेगळी वायर लागते, दुकानदार हटकून तेच गळ्यात मारतो. बजेट नसेल तर जुनं जीटीएक्स १६५० बघा, मात्र काही मॉडेलांना ६-पिन असतं, फोटोत कार्डाची कड नीट तपासा.

आणि हो, आधी कॅबिनेट उघडून टेपने मोजा. माझं कार्ड हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडलं होतं. शेवटी पिंजराच काढला, हार्डडिस्क वर डीव्हीडीच्या जागी दोन स्क्रूंवर लटकतेय.