पेसमेकर बसवल्यापासून चढावर पाय एकदम गळतात. कुणाला असा अनुभव आहे का?

तिसरागिअर:
नमस्कार मंडळी. वय ५२, सायकल वीस वर्षांपासून. चार महिन्यांपूर्वी चक्कर येऊन पडले. ईसीजीत कम्प्लीट हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा ठोका खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता, आणि दोन लीडचा (हृदयात जाणाऱ्या दोन तारांचा) पेसमेकर बसला. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, वजन उचलायचं नव्हतं. सगळं पाळलं. मग डॉक्टरांनी सायकलला हिरवा कंदील दिला.

सपाटीवर काहीच त्रास नाही. परवा नेहमीच्या चढावर गेले. मधल्या वळणापर्यंत छान लय लागली होती. घड्याळात ठोके १२४, १२८, १३०... आणि पायातलं त्राणच गेलं. दम लागला की आधी चाहूल लागते, गिअर हलका करता येतो. हे एका क्षणात झालं. एक पाय टेकवला, हँडलवर कपाळ टेकलं आणि मनगट डोळ्यांसमोर धरलं, तर ६६! कानात संथ ठक... ठक. दीड-दोन मिनिटांत परत सगळं सुरळीत.

आजवर तीनदा झालंय आणि तिन्ही वेळा १३० च्या आसपासच. चेकिंगला गेले तर म्हणाले, पेसमेकर उत्तम चाललाय, बॅटरी भरपूर आहे. घरचे म्हणतात, आता पुरे कर. सायकल सोडायची या कल्पनेनेच मला रडू येतं.

दोनचाकी:
ताई, आधी एक करा. तपासणी होईपर्यंत चढ बंद, आणि सपाटीवरही एकटीने जाऊ नका. मी डॉक्टर नाही, नऊ वर्षांपासून पेसमेकर घेऊन सायकल चालवणारा माणूस आहे. पण १३० चे ६६ म्हणजे जवळपास बरोबर निम्मे, आणि मला वाटतं सगळं त्या निम्म्यातच आहे.

ब्लॉकमध्ये हृदयाचा वरचा कप्पा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. चढावर त्याचा वेग वाढतो, पेसमेकर त्याचा प्रत्येक ठोका ऐकतो आणि किंचित थांबून खालच्या कप्प्याला पोचवतो. पोचवल्यावर थोडा वेळ कान बंद ठेवतो, नाहीतर खालून उलटा आलेला आवाजही त्याला ठोकाच वाटेल. हे थांबणं आणि कान बंद ठेवणं मिळून समजा ४६० मिलिसेकंद झाले, तर मिनिटाला १३० ठोक्यांपर्यंतच तो सगळे ऐकू शकतो. त्यापुढे एक ऐकतो, एक सुटतो. वरचा कप्पा १३२ वर धावत असला तरी खाली पोचतात ६६. तुम्ही थांबलात की वरचा वेग उतरतो आणि गाडी रुळावर येते.

चेकिंगच्या वेळी तुम्ही कॉटवर आडव्या, ठोके ७०. तिथे हे दिसणार कसं? म्हणून सांगा की ट्रेडमिलवर नाहीतर स्थिर सायकलवर मला दमवा आणि तेव्हा स्क्रीनवर बघा. अप्पर ट्रॅकिंग रेट (वरच्या कप्प्याच्या मागे धावण्याची कमाल मर्यादा) किती ठेवलाय, पीव्हीएआरपी (कान बंद ठेवण्याचा वेळ) किती, श्रमाबरोबर एव्ही डिले (ते किंचित थांबणं) कमी होतो का, हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. घड्याळातली नोंदही दाखवा.

माझी गोष्ट वेगळी होती. माझा वरचा कप्पाच सुस्त, त्यामुळे वेग वाढवायचं काम पेसमेकरकडे. त्यातला सेन्सर अंगाच्या हालचालीवर चालायचा. आता सायकलवर पाय फिरतात, छाती स्थिर. चढावर जीव जातोय आणि ठोके ७५. तोच रस्ता उतरताना खड्ड्यांचे हादरे बसले की ११०, आणि मी नुसते ब्रेक धरून बसलेलो! तीन महिने मला वाटत होतं की माझाच सराव कमी पडतोय. शेवटी एका टेक्निशियनने विचारलं, "चालताना होतं का असं?" चालताना होत नव्हतं. माझ्या पेसमेकरमध्ये श्वासावर चालणारा सेन्सरही होता, नुसता बंद ठेवलेला. तो सुरू केला आणि पहिल्याच चढावर फरक कळला.

सावकाश_पण_रोज:
माझ्याकडे आयसीडी आहे, म्हणजे ठोके धोकादायक वेगाने धावले तर आतूनच शॉक देणारं यंत्र, म्हणून थोडं त्याबद्दल. आयसीडीवाल्यांनी आपला शॉकचा आकडा, म्हणजे किती ठोक्यांपुढे शॉक बसू शकतो ते, पाठ ठेवावा. माझा २०० आहे आणि घड्याळ १८० ला वाजतं. वाजलं की मी पॅडल थांबवतो, मग पुढे कुणीही असो.

दुसरं चुंबकाचं. माझ्या पाण्याच्या पाठपिशवीची नळी छातीवरच्या पट्ट्याला चुंबकाने चिकटायची, नेमकी आयसीडीच्या शेजारी. चुंबक अगदी जवळ आलं की आयसीडी शॉक देणं थांबवू शकते. ती क्लिप मी काढून टाकली. फोनही त्या बाजूच्या खिशात नको.

आणि घरच्यांची भीती मला समजते. २०१३ मध्ये आयसीडी असलेल्या ३७२ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळताना काहींना शॉक बसले, पण खेळताना कुणी दगावलं नाही. मात्र शर्यत वेगळी. २०२१ ची पॅरिस-रूबे जिंकणारा सोनी कोल्ब्रेली २०२२ च्या मार्चमध्ये शर्यत संपवून कोसळला, आयसीडी बसली, आणि त्याच वर्षी त्याने व्यावसायिक सायकलिंग सोडलं. माझ्या डॉक्टरांनीही मला सायकल दिली, शर्यत दिली नाही. मी ते मानलंय.

तिसरागिअर:
बारा दिवसांनी लिहितेय. स्थिर सायकलवर चाचणी झाली. १३१ ला स्क्रीनवर एकाआड एक ठोका गळताना मी स्वतः पाहिला. टेक्निशियन डॉक्टरांना हाक मारायला धावली. एव्ही डिले आणि पीव्हीएआरपी, दोन्ही कमी केले, वरची मर्यादा १५५ केली, आणि मला तिथेच परत पॅडल मारायला लावलं. १४४ पर्यंत गेले. एकही गळला नाही.

काल नवऱ्याला मागे घेऊन त्या चढावर गेले. वळणावर १३८ होते, मी थांबले नाही. वर पोचल्यावर दोनचाकीदादा, तुमचीच आठवण झाली. खूप आभार.

आता एकच राहिलंय. पाठपिशवीचा पट्टा नेमका व्रणावर घासतो. काय करता तुम्ही लोक?

दोनचाकी:
वाचून फार बरं वाटलं, ताई. पाठपिशवी सोडा. पाणी फ्रेमवर, बाकीचं सीटखालच्या पिशवीत. आणि तिथली कातडी लाल किंवा गरम वाटली तर त्याच दिवशी दाखवा, थांबू नका.