मदत हवी आहे: ८×१० निगेटिव्हसाठी लिथ फिल्म मिळेना, गोव्यात काय वापरावं?

रापणकार
३५ मिमी निगेटिव्हवरून ८×१० इंची निगेटिव्ह करायची आहे, सायनोटाइपच्या (यूव्ही उजेडात उमटणारा निळा प्रिंट) कॉन्टॅक्ट प्रिंटसाठी, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून. इंकजेट नको, सगळं डार्करूममध्येच. मडगाव-पणजीत ऑर्थो लिथ (लाल उजेड न टिपणारी, ठळक काळं-पांढरं देणारी फिल्म) मागितली की स्क्रीन प्रिंटिंगवाले इंकजेटची फिल्म पुढे करतात. समोर तीन वाटा आहेत: अमेरिकेतून आरिस्टा ऑर्थो लिथो मागवणं, एक्स-रे फिल्म, किंवा एका छापखान्यात पडून असलेला इमेजसेटर (लेझरने छपाईची फिल्म काढणारं यंत्र) फिल्मचा सीलबंद खोका. सेफलाइट (फिल्म न बिघडवणारा डार्करूमचा दिवा) लाल आहे. लिथचे उरलेले तुकडे डेक्टॉल डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं रसायन), १+३ म्हणजे एक भागाला तीन भाग पाणी, धुतले तर नुसतं काळं-पांढरं आलं, मधल्या छटा गायब, वर टाचणीने टोचल्यासारखी भोकं. काय घेऊ?

हायपो
छापखान्याचा खोका आधी बाजूला ठेवा. इमेजसेटरच्या बऱ्याच फिल्म लाल लेझरसाठी बनवलेल्या असतात, त्यांना सेफलाइट हिरवा लागतो. तुमच्या लाल दिव्याखाली उघडलात की सगळा गठ्ठा काळा. शिवाय ती फिल्म टिंब उमटवायला केलेली, तिच्यातून छटा काढणं लिथपेक्षाही अवघड.

एक्स-रे घेताना पहिला प्रश्न एकच विचारा: ओल्या प्रोसेसिंगची की ड्राय? डिजिटल यंत्रं आल्यापासून दुकानांत ड्राय फिल्मच जास्त. ती उष्णतेवर चालते, डेव्हलपरमध्ये तिचं काही होत नाही. शंका असेल तर एक कोपरा कापून उजेडातच हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, टाका. ओल्या प्रोसेसिंगची फिल्म काही मिनिटांत काचेसारखी स्वच्छ होते, ड्राय फिल्म तशी होत नाही. (दुकानदाराच्या शब्दापेक्षा हा कोपरा खरा.)

दुसरा प्रश्न: इमल्शन (उजेड टिपणारा लेप) एका बाजूला की दोन्ही? साधी एक्स-रे फिल्म दोन्हीकडून लेपलेली असते. मधला बेस जवळपास ०.१८ मिमी, त्यामुळे दोन प्रतिमा किंचित सरकतात. यूव्ही ट्यूबच्या पसरट उजेडात प्रिंट धूसर येते, थेट उन्हात फरक कमी दिसतो. मॅमोग्राफीची ओली फिल्म एकाच बाजूची असते, मिळाली तर तीच घ्या. ओळख सोपी: ओलं बोट दोन्ही बाजूंना टेकवा, इमल्शन असेल तिथे चिकटतं.

रापणकार
साधी एक्स-रे फिल्म, हिरवा उजेड टिपणारी, मिळेल असं दिसतंय. पण ट्रेमध्ये ओरखडे पडतात म्हणे?

हायपो
पडतातच, खालची बाजू ट्रेच्या तळाला घासते. तळाशी गुळगुळीत काच ठेवा, एका वेळी एकच शीट, चिमटा नको. रॉडिनल डेव्हलपर १+१०० मध्ये ६ ते ८ मिनिटं, त्यापासून सुरुवात करा. लाल दिव्याचीही परीक्षा घ्या: फिल्मवर नाणं ठेवून ५ मिनिटं थांबा, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा लांब न्या.

माटोळी
लिथचं उत्तर राहिलं. ती वाईट नाही, डेव्हलपर फार दाट होता. १+१० ते १+२० करा, एक्स्पोजर वाढवा (किती ते टेस्ट स्ट्रिपवर, म्हणजे वेगवेगळा वेळ दिलेल्या पट्टीवर, ठरवा), मधल्या छटा परततील. भोकं दोन कारणांनी पडतात. धूळ हे एक. दुसरं म्हणजे डेव्हलपरमधल्या कार्बोनेटला तीव्र अ‍ॅसिड भेटलं की इमल्शनमध्ये वायूचे बुडबुडे होतात. स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं अ‍ॅसिड) सोडून साधं पाणी वापरा.

पैसे वाचवायचे तर मोठी शीट एकच लागेल असं करा: ३५ मिमीवरून लिथच्या लहान तुकड्यावर, इमल्शनला इमल्शन लावून, कॉन्टॅक्टने पॉझिटिव्ह (उजळ-गडद मूळ दृश्यासारखं असलेली प्रत) काढा. ती इमल्शन खाली ठेवून एन्लार्जरमधून (चित्र मोठं करून पाडणारं यंत्र) ८×१० वर टाका. शेवटच्या निगेटिव्हची इमल्शनची बाजू कागदाला टेकली की चित्र सुलटं येतं. तोटा एवढाच की पॉझिटिव्हवरची धूळही मोठी होते. ही पॉझिटिव्ह मुद्दाम मऊ, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टची, ठेवा: सगळ्यात उजळ जागीही फिकट करडा राहिलाच पाहिजे, नाहीतर आकाशातले ढग पुढच्या पायरीवर कधीच सापडणार नाहीत.

आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी डेव्हलपरला थेट घेऊ नका. इमल्शन फुगून नखानेही निघतं. ट्रे मोठ्या परातीत ठेवून भोवती बर्फाच्या बाटल्या लावा, २० अंशांवर आणा. धुण्याचं पाणीही फार गरम नको.

रापणकार
छापखान्याचा खोका रद्द. एक्स-रे फिल्मचा आधी कोपरा तपासेन, मग खोका घेईन. पावसाळ्यात उरलेल्या शीट कशा ठेवू?

माटोळी
मूळ काळ्या पिशवीत, मग सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर डबा न उघडता ३-४ तास तसाच ठेवा. थंड फिल्मवर आपल्याकडची जुलैची हवा लागली की लगेच पाणी सुटतं, आणि शीट एकमेकींना चिकटतात.

रापणकार
देव बरें करूं दोघांचें!