मदत हवी आहे: मेकफाइलमधील ‘पाऊस-निफाड’सारखी व्हेरिएबल नावे उप-मेकपर्यंत पोहोचत नाहीत

नमस्कार. नाशिक जिल्ह्यातील १५ तालुक्यांच्या पावसाच्या नोंदींवरून अहवाल तयार करण्यासाठी मी उबुंटूवर ग्नू मेक (मेकफाइलमधील सूचनांनुसार आज्ञा चालवणारे साधन) वापरतो. तक्त्यातील स्तंभांची नावे तशीच राहावीत म्हणून व्हेरिएबलची नावेही ‘पाऊस-निफाड’, ‘पाऊस-सुरगाणा’ अशीच ठेवली आहेत. प्रत्येक तालुक्याच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र मेकफाइल असून तिला ही मूल्ये मुख्य मेकफाइलकडून मिळायला हवीत.

मुख्य मेकफाइलमध्ये काहीच अडचण नाही. कोलन, हॅश, बरोबरचे चिन्ह आणि मोकळी जागा सोडून नावात काहीही चालते, त्यामुळे ‘$(पाऊस-निफाड)’ अचूक उलगडते. (कंस मात्र अनिवार्य आहे, तो नसेल तर मेक डॉलरनंतरचा एकच बाइट नाव म्हणून घेते, आणि यूटीएफ-८ मध्ये ‘प’ हे एकटे अक्षरच तीन बाइटचे असते.)

प्रश्न उप-मेकचा, म्हणजे मुख्य मेकने तालुक्याच्या फोल्डरमध्ये चालवलेल्या दुसऱ्या मेकचा, आहे. नुसते ‘एक्स्पोर्ट’ (व्हेरिएबल उप-मेककडे पाठवण्याची सूचना) लिहिल्यास इंग्रजी अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर यांपलीकडची नावे मेक पाठवतच नाही, म्हणून प्रत्येक नाव मी एक्स्पोर्टपुढे स्पष्ट लिहिले. त्यानंतर रेसिपीत (मेकने चालवायच्या आज्ञांत) ‘$(मेक) -सी निफाड’, म्हणजे निफाड फोल्डरमध्ये मेक चालव, असे असले की मूल्य पोहोचते, पण ‘सीडी निफाड && $(मेक)’ असे लिहिले की तेच व्हेरिएबल रिकामे येते. माझा तर्क असा, की पहिल्या ओळीत शेलला (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला) लागणारे एकही चिन्ह नसल्याने मेक ती आज्ञा थेट चालवते; दुसऱ्या ओळीत ‘&&’मुळे मध्ये डॅश शेल येतो आणि त्याच्या नियमात न बसणारी नावे एन्व्हायर्नमेंटमधून (पुढच्या प्रोग्रामला मिळणाऱ्या व्हेरिएबलच्या यादीतून) गळून पडतात. तेच मूल्य कमांड लाइनवर दिले तर ते मेकफ्लॅग्ज या मेकच्या स्वतःच्या व्हेरिएबलमधून, म्हणजे शेलला मान्य असलेल्या नावाखाली, व्यवस्थित खाली जाते.

मला काळजी वाटते ती पुढची. उद्या एखाद्या सहकाऱ्याने ‘-सी’च्या ओळीला लॉग फाइलसाठी नुसते ‘>’ जोडले, तरी शेल मध्ये येईल, निफाडचा रकाना कोरा छापला जाईल आणि मेक कोणतीही त्रुटी दाखवणार नाही. शेतकऱ्यांपर्यंत जाणाऱ्या अहवालात हे मुळीच परवडणारे नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे: सर्व मूल्ये एका सामाईक फाइलमध्ये ठेवून ती प्रत्येक उप-मेकफाइलमध्ये ‘इन्क्लूड’ (समाविष्ट) करणे हा खात्रीचा मार्ग ठरेल का, की तक्त्याशी असलेला मेळ सोडून व्हेरिएबलची नावेच रोमन लिपीत आणि अंडरस्कोरसह करावीत?