स्टिकरवाल्या फरश्या घरी बसवल्यात का? अनुभव सांगा

विश्रामबाग, सांगली
मंडळी, मागच्या महिन्यात झोपायच्या खोलीत मागून कागद सोलून चिकटवायच्या व्हिनाइल टाइल्स आम्ही दोघांनीच बसवल्या. घर भाड्याचं, मोझेक डागाळलेली, मालक बदलून देणार नाहीत, म्हणून ही युक्ती. खोली दहा बाय बारा, टाइल फूट बाय फूट, म्हणून मोजून १२० आणल्या. तिथंच फसलो. कडेला कापताना तुकडे वाया गेले, दाराच्या चौकटीपाशी दोन टाइल्स फुकट गेल्या आणि शेवटी एक कोपरा उघडाच राहिला. (त्यावर कपाट सरकवलंय. पाहुण्यांना सांगू नका.) दहा टक्के तरी जास्त आणा.

दुसरं म्हणजे भिंतीला धरून सुरुवात केली. भिंत सरळ असते असा माझा आपला समज. पलीकडं पोचेपर्यंत ओळ बोटभर तिरकी! आता स्वयंपाकघर करायचंय. तुमचे अनुभव लिहा, फजितीसकट.

मिरज
ताई, खोलीच्या मधोमध सूत मारायचं, म्हणजे ताणलेल्या दोरीनं सरळ रेघ उमटवायची, आणि तिथून चारी बाजूंना जायचं. आमच्याकडं दोरीला काव लावून मारलं, गुण्या लावून काटकोन बघितला. टाइलच्या पाठीवर बाण असतात, तेही बघा. आमच्या चिरंजीवांनी सहा टाइल्स उलट्या लावल्या, नक्षीच फिरली.

मंगळवार पेठ, सातारा
माझा अनुभव जरा कडू आहे. घर अजिंक्यताऱ्याच्या अंगाला, जुनं, खाली शहाबादी. एप्रिलमध्ये हौसेनं टाइल्स लावल्या, खोली अशी झाली की शेजारच्या वहिनी चपला बाहेर काढून आत आल्या. जूनभर काही नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे पाणी प्यायला उठलो तर पायाखाली टाइल सरकली. उचलली, तर खालचा गोंद दुधासारखा पांढरा झालेला, बोटाला तार येत होती, आणि शहाबादीवर घाम फुटावा तसे थेंब. आठ दिवसांत निम्मी खोली सुटली.

नंतर एका गवंड्यानं सांगितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या जोत्यातून पावसाळ्यात ओल वर येते. शहाबादी असते तोवर ती दर्जांतून, म्हणजे फरश्यांमधल्या सांध्यांतून, निघून जाते, आपल्याला कळतही नाही. वर व्हिनाइल आलं की वाट बंद, मग ती गोंदातच मुरते. घ्यायच्या आधी एक करा: दोन फूट प्लॅस्टिकचा कागद फरशीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा, दिवसभर तसाच राहू द्या. खाली थेंब दिसले तर नाद सोडा. आणि ही परीक्षा पावसाळ्यात करा, मे महिन्यात सगळ्यांचंच घर कोरडं असतं.

गावभाग, सांगली
आम्ही लावणारच नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की आमचं सामान माळ्यावर चढतं. २०१९ ला तर ते ५७ फुटांच्या वर होतं. पुढं २०२१ ला आलं तेव्हा समोरच्यांच्या हॉलमध्ये नव्या टाइल्स होत्या. पाणी ओसरल्यावर त्या हातानं सोलून निघाल्या, खाली बोटभर गाळ, आणि वास तर विचारू नका. आमची शहाबादी? खराटा मारला, पाइपनं धुतली, झालं.

विटा
उन्हाळ्यात खोकी गॅलरीत ठेवू नका. आमचा गोंद इतका पातळ झाला की मागचा कागद फाटून तिथंच राहायला लागला. ज्या खोलीत लावायच्या, तिथंच दोन दिवस आडव्या ठेवा.

कराड
विश्रामबागच्या ताई, भाड्याचं घर म्हणालात म्हणून लिहितोय. सोडताना काय कराल? मी हेअर ड्रायरनं गरम करत एकेक उचलली, रंगारी लांबी (पुट्टी) भरतात त्या पट्टीनं गोंद खरवडला. मोझेकचं पॉलिश जागोजागी गेलं ते गेलंच. डिपॉझिटातून पैसे कापले, आणि खरं सांगायचं तर मालकाचं चुकलं असंही म्हणवत नाही. आधी विचारून घ्या.

शहाबादीवाल्यांनी दर्जा भरून सपाट केल्याशिवाय लावू नयेत. आईच्या घरी तसंच उरकलं. दिवाळीला चकचकीत होतं, संक्रांतीला खालच्या फरशीची एकेक रेघ वर उमटलेली.

विश्रामबाग, सांगली
सगळ्यांचे आभार. सातारच्या दादांचं ऐकून परवा स्वयंपाकघरात दोन ठिकाणी प्लॅस्टिक चिकटवलं. ओट्याखाली कोरडं ठणठणीत. मोरीजवळ मात्र कागद आतून धुरकट झालेला, बोट फिरवलं तर ओलं. मालकांना फोन केला. ते म्हणाले, “तिथली पाइपलाइन गळतीय, मला माहीत हाय.” अशी आमची टाइल्सची खोकी सध्या पलंगाखाली आहेत आणि प्लंबर रविवारी येणार आहे.