शेजारी मोबाइल होम पार्क येतोय, टाऊनच्या हिअरिंगला कोण कोण येणार?

प्रेषक: मंदार

नमस्कार मंडळी,

परवा टाऊनचं पत्र आलं. आमच्या सबडिव्हिजनच्या मागची तंबाखूची जुनी जमीन आहे ना, तिथे मॅन्युफॅक्चर्ड होम पार्क (फॅक्टरीत बनवून आणलेल्या घरांची वसाहत, म्हणजेच मोबाइल होम पार्क) टाकायचा म्हणून कोणीतरी स्पेशल यूज परमिट (त्या खास वापरासाठीची वेगळी परवानगी) मागितलंय. अशा परवानग्या ठरवणाऱ्या टाऊनच्या बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंटपुढे हिअरिंग (सुनावणी) आहे, रस्त्याच्या कडेला तशी पाटीही लागलीये. आमच्या गल्लीत आपली बरीच मराठी घरं आहेत आणि सगळ्यांना एकच काळजी आहे की घराची किंमत पडणार, कारण आपली बहुतेकांची सगळी बचत त्या घरातच अडकलेली आहे.

मी ऑनलाइन पिटिशन काढतोय, लिंक संध्याकाळपर्यंत टाकतो, सह्या करा. बोर्डाच्या मेंबरांचे ईमेल टाऊनच्या वेबसाइटवर आहेत, प्रत्येकाने एकेक मेल टाका. आणि हिअरिंगला जमेल तेवढ्यांनी या, जवळच्या केरी-मॉरिसव्हिल गावांतल्यांनी पण. हॉल भरलेला दिसला पाहिजे.

मंदार

प्रेषक: नीलिमा

मंदार, मेल टाकू नकोस. बाकी कोणीही टाकू नका प्लीज, आधी हे वाचा.

मी शेजारच्या काउंटीत प्लॅनिंग खात्याच्या काउंटरवर बरीच वर्षं काम करतेय, त्यामुळे लोक कुठे अडकतात ते रोज बघते. नॉर्थ कॅरोलायनात जमिनीचे निर्णय दोन वेगळ्या रस्त्यांनी होतात आणि तुला आलेलं पत्र कुठल्या रस्त्याचं आहे यावर सगळं अवलंबून आहे. रीझोनिंग असतं ना, म्हणजे जमिनीचा झोनच (तिथे काय बांधता येतं याचा ठरलेला विभाग) बदलायचा असतो, तेव्हा टाऊन काउन्सिल कायदा करत असतं, तिथे मेल टाका, फोन करा, सह्या गोळा करा, नगरसेवकाला गाठून बोला, सगळं चालतं. पण स्पेशल यूज परमिट हे कोर्टासारखं असतं. शपथ घ्यावी लागते, साक्ष होते, उलटतपासणी होते, आणि बोर्डाने फक्त त्या खोलीत समोर आलेल्या पुराव्यावर निर्णय द्यायचा असतो. अशा वेळी मेंबरांना आधी मेल टाकणं म्हणजे केस चालू असताना न्यायाधीशाला घरी जाऊन भेटणं. त्या मेंबरला ते हिअरिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगावं लागतं, अर्जदाराचा वकील आक्षेप घेतो, आणि मत आधीच ठरलेलं आहे असं दिसलं तर त्या मेंबरला बाजूला बसावं लागतं. पिटिशनचं पण तेच, पाचशे सह्या असल्या तरी तो पुरावा होत नाही.

आता किंमत पडण्याचा मुद्दा. आपल्या राज्याच्या कायद्यात, चॅप्टर १६०डी मध्ये, स्पष्ट लिहिलंय की या प्रकारचा उपयोग शेजारच्या मालमत्तेच्या किंमतीवर काय परिणाम करेल किंवा त्याच्या ट्रॅफिकमुळे धोका वाढेल का, यावर सामान्य माणसाचं मत पुरावा म्हणून धरता येत नाही. किंमतीसाठी अप्रेझर (मालमत्तेचं मूल्यांकन करणारा) लागतो, ट्रॅफिकसाठी इंजिनिअर लागतो. तू उठून मनापासून सांगितलंस की माझ्या घराचं नुकसान होणार, बोर्ड ऐकून घेईल, पण त्या वाक्यावर अर्ज नाकारला तर अर्जदार तीस दिवसांत सुपीरियर कोर्टात जाईल आणि कोर्ट परमिट द्यायला लावेल. मग अटी पण हातातून जातात, आणि हे जास्त वाईट.

अजून एक. टाऊनच्या ऑर्डिनन्समध्ये (स्थानिक कायद्यात) त्या झोनच्या यादीत पार्क हा स्पेशल यूज म्हणून आधीच लिहिलेला असणार, नाहीतर अर्जच घेतला नसता. म्हणजे इथे पार्क चालू शकतो हे काउन्सिलने यादी करतानाच मान्य केलंय. नॅग्स हेड गावाच्या केसमधल्या १९८० च्या निकालापासून इथली कोर्टं तसंच धरत आलीयेत. म्हणून पार्कच नको हे भांडण तुम्ही आज जिंकणार नाही, पण पार्क कसा असावा यावर तुमच्या शब्दाला खूप वजन आहे, आणि ती संधी पिटिशनच्या नादात घालवू नका.

नीलिमा

प्रेषक: अनिल

नीलिमाताई, माहितीबद्दल थँक्स, पण मला हे पटत नाही. मग सामान्य माणसाने बोलायचंच नाही का? अप्रेझर आणि इंजिनिअर आणायला पैसे लागतात, डेव्हलपरकडे आहेत, आमच्याकडे नाहीत. आणि दुसरं म्हणजे आम्ही टाऊनच्या हद्दीच्या बाहेर राहतो, टाऊनचा टॅक्स भरत नाही, काउन्सिलला मत देऊ शकत नाही, तरी आमच्या बाजूला काय यायचं ते टाऊन ठरवणार, हा कुठला न्याय? मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांशी माझं काही वैर नाही पण वादळात ती घरं उडतात, दहा वर्षांत खराब दिसायला लागतात, हे आपण सगळ्यांनी हायवेवरून बघितलंय.

अनिल

प्रेषक: नीलिमा

अनिल, मतदानाबद्दलचा तुझा राग बरोबर आहे. तुम्ही ईटीजे मध्ये आहात, टाऊनची हद्दीबाहेरची झोनिंगची हद्द. दहा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावाला हद्दीबाहेर एक मैलापर्यंत झोनिंग करता येतं. म्हणूनच कायद्याने प्लॅनिंग बोर्ड आणि बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंट दोन्हींवर ईटीजे मधल्या रहिवाशांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा ठेवल्यात आणि त्या नेमणुका काउंटी कमिशनर करतात. माझ्या अनुभवात या जागांना अर्जच येत नाहीत, महिनोन्महिने रिकाम्या राहतात, आणि मग तुमच्या बाजूची जमीन कशी आहे, पाऊस पडला की पाणी कुठे तुंबतं हे माहीत असलेलं कोणीच टेबलापलीकडे नसतं. आपल्या या ईमेल यादीवर इतके इंजिनिअर आहेत. काउंटीच्या वेबसाइटवर अर्ज असतो, पानभराचा. भरा ना कोणीतरी.

सामान्य माणसाने काय बोलायचं, तर डोळ्यांनी बघितलेलं. मागच्या वर्षी त्या शेतातून तुमच्या बॅकयार्डमध्ये पाणी आलं होतं ना? त्याचे तारखेसकट फोटो हा पक्का पुरावा आहे. स्कूल बस जिथे थांबते तिथून वळणापलीकडचं दिसत नाही, त्याचा फोटो, किती फुटांवर वळण आहे ते मोजून. ट्रॅफिकने धोका वाढेल हे तू म्हणायचं नाहीस, पण बस कुठे थांबते हे तू सांगू शकतोस. यावरून बोर्ड अटी घालू शकतं, झाडांचा पट्टा, रस्ता कुठून काढायचा, दिवे खाली वळलेले, पाण्याचं तळं कुठे. अर्जदार अशा वाजवी अटींना सहसा लेखी संमती देतो कारण त्यालाही काम सुरू करायचं असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट सेप्टिक, म्हणजे सांडपाणी टाकीतून मातीत मुरवायची सिस्टीम. आपल्या इथे गटार लाइन नसेल तर सगळं मातीवर आहे. केरी, डरम, चॅथमच्या पट्ट्यात ट्रायॅसिक बेसिनची चिकट माती आहे, ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊच देत नाही. बेडरूममागे दिवसाला १२० गॅलन सांडपाणी धरतात, म्हणजे तीन बेडरूमचं घर ३६०, आणि एकत्र सिस्टीम करायची म्हटली तर नऊ घरांतच ३,००० गॅलनच्या वर जाते, मग इंजिनिअरचं डिझाइन लागतं. साइट प्लॅनवर किती घरं दाखवलीत आणि माती कुठे तपासलीये, हे प्रश्न शपथेवर विचारा. असे पार्क कितीतरी वेळा कागदावरच्या आकड्यापेक्षा लहान होऊन बांधले जातात, ते शेजाऱ्यांच्या आरडाओरड्यामुळे नाही, मातीमुळे.

आता वादळाचं. तू हायवेवरून जी बघतोस त्यातली काही १५ जून १९७६ च्या आधीची असतील, तेव्हा देशभर एकच कोड नव्हता. त्यानंतर फॅक्टरीत बनलेल्या प्रत्येक घराला फेडरल हड कोड (केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचे बांधकामाचे नियम) लागू आहे, प्रत्येक भागाच्या मागे बाहेरून लाल पत्र्याचं लेबल असतं. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने फ्लोरिडात ही घरं भुईसपाट केली, त्यानंतर १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक झाले. आत इलेक्ट्रिक पॅनेलजवळ किंवा किचनच्या कपाटात डेटा प्लेट असते, तिच्यावर कुठल्या विंड झोनसाठी घर बनलंय ते लिहिलेलं असतं. जमिनीला अँकर नीट बसलेत का ते इन्स्पेक्टर बघतो. आणि टाऊनने म्हटलं की आमच्या हद्दीत ही घरं कुठेच नकोत, तर आपल्या राज्यात तसं करता येत नाही, घर जुनं आहे एवढ्या कारणावरूनही झोनिंगने बंदी घालता येत नाही. छताचा उतार, साइडिंग, खालचं स्कर्टिंग यावर नियम करता येतात.

हे सगळं कायद्याचं झालं. मनातलं पण सांगते. माझ्या काउंटरवर या पार्कांमधली माणसं येतात, नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या बायका, छपरं घालणारे, रताळ्याच्या शेतात काम करणारे, रिटायर्ड शिक्षिका. घर त्यांचं स्वतःचं असतं आणि खालची जमीन भाड्याची. रॅली शहराच्या आसपास जुना पार्क विकला जातो, तिथे अपार्टमेंट येणार असतात, मालकाला कायद्याने १८० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि मग ती माणसं माझ्याकडे विचारायला येतात की घर कुठे नेऊ. हलवायला हजारो डॉलर लागतात, जुनी घरं हलवण्यात तुटतात, आणि आजूबाजूच्या प्रत्येक गावात नवीन पार्कला विरोध झालेला असतो. मला उत्तर देता येत नाही. आपल्या आई-बाबांना डे केअरमध्ये सांभाळणारी, आपल्या मुलांच्या शाळेच्या कॅफेटेरियात जेवण वाढणारी माणसं आहेत ही. ती आपल्यापासून वीस मैलांवर राहावीत असं आपण म्हणतोय का? मला ते म्हणवत नाही.

नीलिमा

प्रेषक: वसंतकाका

नीलिमाबेटा, फार उपयोगी लिहिलंस. थोडा वेगळा प्रश्न विचारतो. माझ्या मुलाने काउंटीत दोन एकर घेतलेत, आमच्यासाठी तिथे डबलवाइड (दोन भाग जोडून केलेलं फॅक्टरीतलं घर) ठेवायचा विचार आहे. विकणारा म्हणतो घर आधी आणून ठेवा, परमिटचं मागाहून बघू. आपल्याकडे गुंठेवारीची घरं २००१ च्या कायद्याने नियमित करून घेतली तसं इथे काही होतं का? पुण्याला एनए करायला आमची जन्माची वाट लागली होती, म्हणून विचारतो.

वसंतकाका

प्रेषक: नीलिमा

काका, नको. घर आधी आणू नका, विकणाऱ्याला डिलिव्हरीचे पैसे मिळाले की तो मोकळा. इथे मागाहून नियमित करून घेण्यावर भरवसा ठेवता येत नाही, रोज दंड चालू होतो आणि इन्स्पेक्शन पास झाल्याशिवाय वीजही जोडून देत नाहीत.

आधी काउंटी प्लॅनिंगला पार्सल नंबर देऊन विचारा की या झोनमध्ये डबलवाइड चालतं का, आणि उत्तर लेखी घ्या. मग एन्व्हायरन्मेंटल हेल्थकडून सेप्टिकचं इम्प्रूव्हमेंट परमिट, माती पास झाली तरच पुढे जा, नाहीतर दोन एकर असून उपयोग नाही. जमीन अजून घेतली नसती तर मी सांगितलं असतं की खरेदीच्या करारातच माती तपासणीची अट घाला, यादीवर ज्यांचं चाललंय त्यांनी हे लक्षात ठेवा. त्यानंतर बिल्डिंग परमिट, आणि घर बसवणारा कॉन्ट्रॅक्टर राज्याचं लायसन्स असलेलाच हवा. शेवटी टायटल, म्हणजे मालकीचा कागद. हे घर सुरुवातीला गाडीसारखं डीएमव्हीकडे (वाहन नोंदणी खात्याकडे) नोंदलेलं असतं, ते टायटल सरेंडर करून ॲफिडेव्हिट रजिस्टर ऑफ डीड्सकडे (जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या ऑफिसात) नोंदवलं की घर जमिनीशी जोडलं जातं. हे राहिलं तर पुढे नेहमीचं मॉर्गेज मिळत नाही आणि मुलाला विकताना फार त्रास होईल. ऑफिसकडून नकाराचं पत्र आलं तर ते बाजूला ठेवू नका, अपीलला तीस दिवसच असतात. मला पत्राचा फोटो पाठवा, मी वाचून सांगते.

नीलिमा

प्रेषक: अनिल

ताई, सगळं पटलं असं नाही, किंमतीची भीती आहेच, ती एका मेलने जाणार नाही. पण बस स्टॉपचं अंतर मी मोजतो, फोटो पण काढतो. ईटीजे च्या सीटचा अर्ज कुठे असतो ती लिंक मला पर्सनली पाठवशील का?

अनिल

प्रेषक: मंदार

पिटिशन काढून टाकली आहे, ज्यांनी सह्या केल्या त्यांना वेगळं कळवतोय. बोर्डाला मेल कोणी टाकल्या असतील तर मला सांगा, टाऊन क्लार्कला ते आधीच सांगून ठेवू.

आज टाऊन हॉलमध्ये जाऊन फाइल बघितली, कोणालाही बघता येते. साइट प्लॅनवर २४ घरं आहेत आणि मातीचे खड्डे फक्त वरच्या उंच भागात खणलेत. खालचा ओला भाग, जिथून आमच्याकडे पाणी येतं, तिथेही सहा घरं काढलीत पण तपासणी काहीच नाही. प्लॅनरला विचारलं, ती म्हणाली हा प्रश्न हिअरिंगमध्ये शपथेवर विचारा म्हणजे रेकॉर्डवर येईल. आमच्या गल्लीतून चौघं बोलणार आहोत, पाणी, बस, झाडांचा पट्टा आणि सेप्टिक असे विषय वाटून घेतलेत. बाकीच्यांनी यायचं तर जरूर या पण तेच तेच बोलायला उभं राहू नका.

२०२२ पासूनचे पाण्याचे फोटो कोणाच्या फोनमध्ये असतील तर तारीख दिसेल असे पाठवा, रविवारपर्यंत. टाऊनच्या प्लॅनरचा स्टाफ रिपोर्ट आला की स्कॅन करून इथेच टाकतो.

मंदार