दर जाहिरातीला नवा रेझ्युमे? मला पटत नाही

शाईपेन: नोकरी शोधणाऱ्याला हल्ली जो तो एकच सल्ला देतो: जाहिरात बदलली की रेझ्युमे बदला. मला यात वेळेची नासाडी दिसते आणि थोडी लबाडीही. माणूस तोच, अनुभव तोच; मग सोमवारी मी ‘विश्लेषक’ आणि मंगळवारी ‘समन्वयक’ कसा? एकदाच नीट लिहावा, शुद्धलेखन तपासावं, सगळीकडे तोच धाडावा.

कोरापाट: साफ असहमत. काय केलं ते बदलायचं नसतं, आधी काय सांगायचं ते बदलायचं असतं. लिओनार्दो दा विंचीने 1482 च्या सुमारास मिलानचा कारभार हाती असलेल्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागायला पत्र तयार केलं. त्यात आधी उचलून नेता येणारे हलके पूल, तोफा, आच्छादित रणगाडे. चित्रकला पार शेवटी! गिऱ्हाईक ओळखून लिहिलंय. याला लबाड म्हणणार?

शाईपेन: त्याने एकाच ठिकाणी अर्ज केला हो. मी आठवड्याला 40 करतो.

चष्मेवाली: 40 करता, तिथेच घोळ आहे. मी भरतीचं काम करते. पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेला अर्धं मिनिटही मिळत नाही. नजर जाते ती वरच्या भागावर: शेवटचं पद, किती वर्षं, एखादा आकडा. कालच एक ओळ वाचली, ‘साठा व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळली’. फोनवर खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाईंनी बारकोड लावून 6 दिवसांची मोजदाद 2 दिवसांवर आणली होती. अहो, मग तेच लिहा ना! ‘मेहनती, प्रामाणिक’ तर सगळेच असतात. आळशी लिहिलेला अजून एकही आला नाही.

अर्धविराम: बऱ्याच कंपन्यांत माणसाच्या आधी सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचतं, ते कुणी बोलतच नाहीये. दोन रकाने, टेक्स्ट बॉक्स, हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर यात बऱ्याच प्रणाली अडखळतात. फाइलमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे भेळ झाली, तर पलीकडेही तसंच होण्याची शक्यता जास्त. आणि पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवणाऱ्या हुशारांनो, फाइलमधून नुसता मजकूर वेगळा काढला की ते सगळे दिसतात.

कोरापाट: +1. जाहिरातीत ‘लेखापाल’ असेल तर ‘आकड्यांचा जादूगार’ लिहू नये. पाहिलाय मी असा एक.

शाईपेन: नोटपॅडचं करून पाहिलं. डिझायनर टेम्प्लेट होतं माझं, हौसेने घेतलेलं. नाव आलं, फोन नंबर गायब, आणि दोन नोकऱ्यांच्या तारखा कौशल्यांच्या यादीत घुसलेल्या. टेम्प्लेट आजच काढतो. पण 40 वेळा नव्याने लिहिणार नाही म्हणजे नाही. वरच्या चार ओळी बदलेन फार तर.

चष्मेवाली: मग मी कितीचं म्हणत होते?