सॅच्युरेशन ९९, तरी पेशंट म्हणते श्वास पुरत नाही

शिकाऊ_परिचारिका: कॅज्युअल्टीत एक तरुण मुलगी आली. श्वास मिनिटाला ३६, सॅच्युरेशन ९९, ओठांभोवती मुंग्या, मनगटं आत वळलेली, अंगठे तळहातात दुमडलेले. नातेवाईक म्हणे फिट आली. एकाने तिच्या तोंडाला कागदी पिशवी लावली, ती सिस्टरांनी काढून घेतली. का? आणि हे घाबरण्यामुळेच आहे हे कसं ओळखायचं?

जुनी_खोड: पिशवीने बरं वाटतं की! आम्ही तेच करायचो.

रात्रपाळीची_सिस्टर: वाटतं, पण दमा किंवा फुप्फुसात गुठळी असली तर पिशवीत ऑक्सिजन आणखी कमी होतो. कारण कळायच्या आधी पिशवी नकोच.

अशा दोन्ही हात आखडणाऱ्या फिटमध्ये बहुधा शुद्ध जाते, ही उत्तरं देत असेल. भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त अल्कलाइन होतं, मोकळं कॅल्शियम घटतं. म्हणून हात आखडतात. लगेच कॅल्शियमचं इंजेक्शन भरायला धावू नका, श्वास संथ झाला की बोटं आपोआप सुटतात.

घाबरणं हे निदान सगळ्यात शेवटी. आधी शुगर, ईसीजी, ताप, छातीत घरघर, पाय सुजलाय का, नुकतं ऑपरेशन की बाळंतपण. मी आणखी एक बघते: बोलण्यात गुंतवलं की घाबरलेल्याची लय तुटते, मध्ये उसासे येतात. कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे मधुमेह बिघडून रक्त आम्लधर्मी झाल्याचा, श्वास खोल, एकसारखा. तुम्ही काहीही बोला, तो आपला चालूच. अर्थात यावर एकट्यावर विसंबू नका.

मग गर्दी बाहेर. तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. ‘शांत हो’ म्हणून कोणी शांत होत नाही. ‘माझ्याबरोबर सोड’ म्हणा आणि ओठांचा चंबू करून स्वतः हळूहळू श्वास सोडून दाखवा. घेण्यापेक्षा सोडणं लांबवायचं. आणि ‘नाटक करतेय’ हे तिच्या कानावर पडता कामा नये, तिचा त्रास खराच असतो.

शिकाऊ_परिचारिका: मग एबीजीने, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या वायूंच्या तपासणीने, लगेच उलगडा होईल ना?

ड्यूटी_डॉक्टर: अर्धा. कीटोअॅसिडोसिसमध्येही कार्बन डायऑक्साइड कमीच, पण पीएच आणि बायकार्बोनेट खाली, म्हणजे रक्त अल्कलाइन नाही, आम्लधर्मी. गुठळीत मात्र चित्र घाबरलेल्या पेशंटसारखंच दिसू शकतं. म्हणून श्वास शांत झाल्यावरही नाडी धावत असली तर घरी सोडत नाही.